यंत्राच्या गिअरबॉक्सचा गती-सेन्सर : आधी तपासणी, मग खरेदी



शेततळ्याची खोदाई, बांधबंदिस्ती, नाला खोलीकरण, जमिनीचे सपाटीकरण, पाणंद रस्ता ही कामे पूर्वी बैलाच्या केणीने आणि माणसांच्या फावड्या-घमेल्याने होत असत. आता ती बहुतेक ठिकाणी यंत्राने होतात. काही शेतकऱ्यांनी कर्ज काढून स्वतःचे यंत्र घेतले आहे, तर बाकीचे ताशी भाड्याने आणतात. ही सर्व कामे रब्बीची काढणी ते मृगाचा पाऊस एवढ्याच अवधीत उरकावी लागतात. नेमक्या याच दिवसांत यंत्र बंद पडले तर नुकसान केवळ भाड्याचे होत नाही.

एक हिशोब पाहू. राज्यात २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू झाली. तिच्यातील सर्वांत मोठे तळे ३० × ३० × ३ मीटर मापाचे होते. बाजूंचा उतार एकास एक धरल्यास तळाशी २४ × २४ मीटर जागा राहते आणि तळ्याची क्षमता २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २१ लाख ९६ हजार लिटर येते. पहिल्या मोठ्या पावसापूर्वी खोदाई पुरी झाली नाही तर पाण्याने भरलेल्या मऊ खड्ड्यात यंत्र उतरत नाही. एवढे पाणी त्या वर्षापुरते हातचे जाते.

मुंबईत गिरगावातील खोताची वाडी ज्या दाट वस्तीत आहे, त्याच भागाखाली मेट्रो मार्ग ३ चे गिरगाव स्थानक खोदले गेले. ९ ऑक्टोबर २०२५ पासून तेथे प्रवाशांची ये-जा सुरू झाली. अशा मोठ्या कामावर यंत्र अडले तर कंत्राटदाराचा फिटर जागेवर असतो, सुटे भागही शहरातच मिळतात. आपल्या बांधावर यांपैकी काहीच नसते. फिटर तालुक्याहून येणार, संगणक जोडून पाहणारा तंत्रज्ञ जिल्ह्याहून येणार. तोपर्यंतची पहिली तपासणी मालकाला व चालकाला करता आली पाहिजे. त्यासाठी हा पाठ आहे.

आजच्या यंत्रांत वारंवार दिसणारा एक बिघाड म्हणजे गिअरबॉक्सच्या गती-सेन्सरचा. त्याबाबत दोन चुका नेहमी घडतात. पडद्यावर सेन्सरचे नाव आले की लगेच नवा सेन्सर आणला जातो, ही पहिली. यंत्र गिअर बदलत नाही म्हणून गिअरबॉक्सच खोलला जातो, ही दुसरी. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा तारेत, प्लगात, बॅटरीच्या ढिल्या टोकात किंवा सेन्सरच्या तोंडाशी जमलेल्या लोखंडाच्या किसात असतो. म्हणून आधी स्वस्त व सोपे तपासावे, महाग व अवघड ते शेवटी.

सेन्सर काय काम करतो?

जुन्या यंत्रात गिअर केव्हा बदलायचा हे चालक कानाने व हाताने ठरवी. नव्या यंत्रात हे काम कंट्रोलर नावाची इलेक्ट्रॉनिक पेटी करते. तिला गिअरबॉक्समधील दांडे किती वेगाने फिरत आहेत हे कळावे लागते. ते सांगणारा भाग म्हणजे गती-सेन्सर. गिअरबॉक्समध्ये इंजिनाकडून येणाऱ्या बाजूला एक आणि चाकांकडे जाणाऱ्या बाजूला एक असे किमान दोन सेन्सर बहुधा असतात. काही यंत्रांत तीन-चारही असतात.

सेन्सर दात्यांच्या चाकासमोर थोडी फट ठेवून बसविलेला असतो. दाता समोरून गेला की एक ठोका, फट गेली की शांत. कंट्रोलर हे ठोके मोजतो. हिशोब असा :

सेकंदाला ठोके = दात्यांची संख्या × मिनिटाचे फेरे ÷ ६०

चाकाला ६० दाते असून दांडा मिनिटाला ४०० फेरे फिरत असेल तर सेकंदाला ४०० ठोके मिळतील.

सेन्सरचे प्रकार दोन.

१) चुंबक-वेटोळ्याचा सेन्सर : यात लोहचुंबक व त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखविलेल्या तत्त्वावर तो चालतो. समोरून लोखंडी दाता गेला की चुंबकीय क्षेत्र बदलते व वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. सायकलच्या डायनामोप्रमाणे तो स्वतःच वीज तयार करतो, त्याला सप्लाय लागत नाही. याला बहुधा दोन तारा असतात. वेग अगदी कमी असला तर याचा संदेश क्षीण होतो.

२) हॉल सेन्सर : एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर हा चालतो. याला बाहेरून सप्लाय द्यावा लागतो. त्यामुळे बहुधा तीन तारा असतात : सप्लाय, अर्थ व संदेश. अगदी हळू फिरणारे चाकही याला समजते.

आपल्या यंत्रात कोणता प्रकार आहे हे मालक-पुस्तिकेत पाहावे. दोघांची तपासणी वेगळी आहे. वेटोळ्याच्या सेन्सरची तपासणी हॉल सेन्सरवर केल्यास मीटरचा आकडा फसवा येतो आणि काही वेळा सेन्सरही बिघडतो.

कोणत्या यंत्रांना हा पाठ लागू आहे?

लोडर, ग्रेडर, मोठे डोझर आणि आपोआप गिअर बदलणारे बॅकहो लोडर (ज्यांना आपण सरसकट 'जेसीबी' म्हणतो) यांना हा पाठ लागू आहे. साखर कारखान्याच्या आवारात बगॅस ढकलणारे लोडरही याच जातीचे. हाताने गिअर टाकावा लागणाऱ्या जुन्या बॅकहो लोडरमध्ये असा सेन्सर बहुधा नसतो. पट्ट्यांवर चालणाऱ्या पोकलेनची चाल तेलाच्या दाबावर चालणाऱ्या मोटरींवर असते. त्यामुळे तिची तपासणी वेगळ्या रीतीने करावी लागते.

चाकांच्या बांधकाम यंत्रांना १ एप्रिल २०२१ पासून प्रदूषणाचे नवे मानक लागू झाले. तेव्हापासून इंजिनातही सेन्सर व कंट्रोलर वाढले आहेत. त्यामुळे मीटर हाताळण्याची सवय पान्याइतकीच गरजेची झाली आहे.

बिघाडाची लक्षणे

१) यंत्र एकाच गिअरमध्ये अडकते, वरचा गिअर पडत नाही.
२) गिअर सारखा वर-खाली होतो किंवा झटक्याने पडतो.
३) यंत्र चालत असून वेगाचा काटा शून्यावर राहतो किंवा उड्या मारतो.
४) पुढे-मागे करताना यंत्र उशिरा हालते किंवा हालत नाही.
५) पिवळा वा तांबडा दिवा लागतो व पडद्यावर कोड येतो.

एकाच गिअरमध्ये अडकणे हा नेहमी बिघाड नसतो. वेग कळेनासा झाला की गिअरबॉक्स जपण्यासाठी कंट्रोलर मुद्दाम एकच गिअर धरून ठेवतो. यंत्र कडेला घेता यावे एवढीच त्याची सोय असते. याच स्थितीत दिवसभर काम ओढू नये. चुकीचा वेग कळलेला कंट्रोलर चुकीच्या वेळी गिअर टाकण्याचा धोका असतो. त्याने क्लचच्या चकत्या जळतात, आणि मग लहान खर्चाचे काम खरोखरच मोठे होते.

घसर खरी की खोटी?

या पाठातील हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. कंट्रोलर दोन सेन्सरचे आकडे ताडून पाहतो. टॉर्क कन्व्हर्टरमधून गिअरबॉक्सकडे येणारा दांडा मिनिटाला १,२०० फेरे फिरतो आहे आणि पडलेल्या गिअरचे प्रमाण तीनास एक आहे असे समजा. मग चाकांकडील दांडा ४०० फेरे फिरला पाहिजे. चाकांकडील सेन्सर ३०० सांगू लागला तर कंट्रोलर म्हणतो, क्लच घसरतो आहे.

याचे अर्थ दोन निघतात. एक, क्लच खरोखर घसरतो आहे. दोन, क्लच ठीक आहे, पण सेन्सरचे चारांपैकी एक ठोका वाटेत गळतो आहे. पडद्यावर दोन्हींचा कोड सारखाच दिसू शकतो. फरक यंत्राच्या वागण्यावरून ओळखावा.

खरी घसर असेल तर : इंजिन गुरगुरते पण यंत्र ढकलत नाही. भरलेली बकेट घेऊन चढ चढताना दम सोडते. गिअरबॉक्सचे ऑईल लवकर तापते. ऑईलला जळका वास येतो, रंग काळसर होतो.

खोटी घसर असेल तर : यंत्राचा दम पूर्वीइतकाच असतो. ऑईल स्वच्छ व नेहमीच्या तापमानाचे असते. दोष खडबडीत रस्त्यावर, धुतल्यावर किंवा पावसानंतर येतो आणि कधी आपोआप जातोही.

पहिल्या प्रकारात ऑईलची पातळी, फिल्टर व दाब यांकडे वळावे. यंत्र थांबवून फिटरला बोलवावे. दुसऱ्या प्रकारात पुढील क्रमाने तपासणी करावी.

तपासणीपूर्वी : जीव आधी

यंत्र सपाट, टणक जागी उभे करावे. बकेट व मागचा हात जमिनीवर टेकवावा. हँडब्रेक ओढून चाकांना पुढून-मागून दगड किंवा ओंडके लावावेत. किल्ली काढून खिशात ठेवावी, म्हणजे दुसरा कोणी सुरू करणार नाही. उचललेल्या बकेटखाली कधीही जाऊ नये. इंजिन चालू असताना कोणीही यंत्राखाली नसावे. जॅकवर चाक उचलून गिअर टाकून पाहण्याची जी पद्धत काही ठिकाणी आहे, ती अत्यंत धोक्याची आहे. ती करू नये व करू देऊ नये.

तपासणीचा क्रम

पायरी १ : नोंद करावी. कोड जसाच्या तसा वहीत लिहावा व मोबाईलवर फोटो काढावा. यंत्र थंड होते की तापलेले, कोणत्या गिअरमध्ये, चढावर की सपाटीवर, धुतल्यानंतर किंवा वेल्डिंगनंतर दोष आला काय, हे लिहावे. ही नोंद फिटरचा अर्धा वेळ वाचविते. कोड पुसण्याची घाई करू नये.

पायरी २ : बॅटरी व अर्थ पाहावी. व्होल्टेज पडले की कंट्रोलर गोंधळतो व निरपराध सेन्सरवर आळ घेतो. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते, २४ व्होल्टची जोडी सुमारे २५.२ दाखविते. इंजिन चालू झाल्यावर हे आकडे अनुक्रमे १३.५ ते १४.५ आणि २७ ते २९ च्या दरम्यान यावेत. बॅटरीची टोके घट्ट व स्वच्छ करावीत. चासीला जाणारी अर्थची जाड पट्टी रंगावर किंवा गंजावर बसलेली नाही ना, ते पाहावे.

पायरी ३ : गिअरबॉक्सचे ऑईल पाहावे. पुस्तिकेत सांगितलेल्या स्थितीतच पातळी मोजावी. काही यंत्रांत ती इंजिन चालू ठेवून, तर काहींत बंद करून मोजतात. फेस, पाणी व जळका वास यांची नोंद घ्यावी.

पायरी ४ : डोळ्यांनी वायरिंग तपासावे. सेन्सरपासून निघालेली तार हातभर-हातभर पुढे पाहत जावे. उंदराने कुरतडलेली, गरम नळीला टेकलेली, पत्र्याच्या कडेवर घासलेली, दगड लागून चिरडलेली तार शोधावी. हंगाम संपल्यावर शेडमध्ये महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या यंत्रात उंदरांचा उपद्रव हमखास असतो. काही सेन्सरच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन नेलेल्या असतात. बाहेरची वीज संदेशात मिसळू नये म्हणून तो पीळ असतो. तो सोडू नये, तसेच ही तार स्टार्टरच्या जाड केबलला बांधू नये.

पायरी ५ : प्लग उघडून पाहावा. किल्ली बंद असतानाच प्लग काढावा. आत पाणी, चिखल, ऑईल किंवा हिरवा गंज दिसल्यास विजेच्या जोडांसाठी मिळणाऱ्या फवाऱ्याने साफ करून वाळवावा. पॉलिश पेपरने घासू नये, त्याने पिनांवरील मुलामा जातो. वाकलेली किंवा मागे सरकलेली पीन आणि फाटलेले रबर नीट पाहावे. कोकणात खाऱ्या हवेमुळे हिरवा गंज लवकर धरतो. काळ्या जमिनीच्या भागात बारीक माती प्लगात शिरून ओल धरते. पुष्कळ तपासण्या या पायरीवरच संपतात.

पायरी ६ : वेटोळ्याचा रोध मोजावा. ही पायरी केवळ दोन तारांच्या चुंबक-वेटोळ्याच्या सेन्सरसाठी आहे. प्लग काढून मीटर ओहमवर ठेवावा व सेन्सरच्या दोन पिनांवर तारा लावाव्यात. योग्य आकडा पुस्तिकेत दिलेला असतो. तो काही शे ते काही हजार ओहम इतका असू शकतो. मीटर काहीच दाखवीत नसेल तर वेटोळे तुटले आहे. आकडा शून्याजवळ असेल तर ते आतून जुळले आहे. नंतर एक तार पिनेवर व दुसरी सेन्सरच्या धातूच्या अंगावर लावावी. येथे जोड मुळीच दिसता कामा नये. थंड असताना आकडा बरोबर व तापल्यावर तुटक येत असेल तरी सेन्सर बाद समजावा. म्हणून दोष गरम स्थितीत येत असेल तर मोजणीही गरम स्थितीत करावी.

पायरी ७ : संदेश मोजावा. इंजिनाकडील वेटोळ्याचा सेन्सर यंत्र न हलविता तपासता येतो. इंजिन बंद ठेवून मीटरच्या तारा चिमट्याने सेन्सरला जोडाव्यात व फिरत्या भागांपासून दूर बांधाव्यात. मीटर एसी व्होल्टवर ठेवावा. मग गिअर न्यूट्रलमध्ये व हँडब्रेक ओढलेला ठेवून चालकाने बसून इंजिन सुरू करावे. मीटरवर व्होल्टेज दिसले पाहिजे व इंजिनाचा वेग वाढविला की ते वाढले पाहिजे. मीटरमध्ये हर्ट्झ मोजण्याची सोय असल्यास वरील सूत्राने आकडा ताडून पाहावा. चाकांकडील सेन्सर मात्र यंत्र चालल्याशिवाय संदेश देत नाही. त्यासाठी मोकळ्या रानात यंत्र सावकाश चालवून पडद्यावरील वेग पाहावा. मीटर लावून करावयाची तपासणी फिटरवर सोपवावी.

हॉल सेन्सरसाठी ओहमची मोजणी करू नये. किल्ली चालू व इंजिन बंद ठेवून प्लगातील सप्लाय व अर्थ यांमधील व्होल्टेज पाहावे. ते पुस्तिकेप्रमाणे नसेल तर दोष सेन्सरचा नाही, सप्लायचा आहे. एवढी एक मोजणी नव्या सेन्सरचे पैसे वाचवू शकते.

पायरी ८ : अदलाबदल करून पाहावी. एकाच क्रमांकाचे दोन सेन्सर त्याच गिअरबॉक्सवर असतील तर त्यांची अदलाबदल करावी. दोष सेन्सरबरोबर दुसऱ्या जागी गेला तर सेन्सर वाईट. दोष जागच्या जागी राहिला तर तार, प्लग किंवा दात्यांचे चाक पाहावे. पार्ट क्रमांक वेगळा असल्यास हा प्रयोग करू नये.

पायरी ९ : तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासावी. येथपर्यंत दोष सापडला नाही तर फिटरकडून कंट्रोलरचा प्लग काढवून, दोन्ही टोके सुटी करून प्रत्येक तारेचा जोड मोजावा. धड तार एखाद्या ओहमपेक्षा अधिक दाखवीत नाही. मोजताना तार हलवावी. आकडा उडाला तर तुटलेली जागा तेथेच आहे. टाचणी खुपसून तार तपासू नये, त्या छिद्रातून ओल शिरते व पुढच्या पावसाळ्यात नवा दोष उभा राहतो.

सेन्सर काढताना काय दिसते?

सेन्सर काढण्यापूर्वी भोवतीची माती स्वच्छ करावी, म्हणजे ती गिअरबॉक्समध्ये पडणार नाही. त्या भोकातून ऑईल येण्याची शक्यता असल्यास भांडे तयार ठेवावे. सेन्सरचे तोंड चुंबकीय असल्याने त्यावर लोखंडाचा कीस जमतो. तो बोटांत चोळून पाहावा. लोण्यासारखा मऊ, राखाडी लेप असल्यास नेहमीची झीज समजावी. पुसून टाकला की क्षीण झालेला संदेश पुष्कळदा परत येतो. मात्र सुईसारखे तुकडे किंवा चमकणारे पापुद्रे सापडले तर आत गिअर वा बेअरिंग खात आहे. त्या वेळी सेन्सर हा केवळ निरोप्या आहे. ते तुकडे कागदात बांधून ठेवावेत, यंत्र थांबवावे व फिटरला दाखवावेत.

बसविताना फट महत्त्वाची. फट वाढली की संदेश क्षीण होतो. फट फार कमी झाली तर दाता सेन्सरचे तोंड फोडतो. काही सेन्सर पट्टीने घट्ट बसतात, त्यांची फट ठरलेलीच असते. काही आट्यांनी बसतात, त्यांची फट आपल्याला ठेवावी लागते. अशा सेन्सरसाठी भोकातून पाहून दात्याचा माथा समोर आहे याची खात्री करावी. दोन दात्यांमधली खाच समोर असताना सेन्सर टेकवला तर पहिल्याच फेऱ्यात तो फुटेल. माथा समोर आल्यावर सेन्सर हाताने हलका टेकेपर्यंत फिरवावा व पुस्तिकेत सांगितले तेवढाच उलट फिरवावा. आट्यांमधले अंतर १.५ मिलिमीटर असेल तर एक पूर्ण फेरा म्हणजे १.५ मिलिमीटर, अर्धा फेरा म्हणजे ०.७५ मिलिमीटर आणि एक तृतीयांश फेरा म्हणजे ०.५ मिलिमीटर. मग सेन्सर धरून ठेवून नट आवळावा, नाहीतर आवळताना फट बदलते.

पडद्यावरील कोड वाचणे

पुष्कळ यंत्रांत कोडाचे दोन भाग असतात. 'एसपीएन' हा आकडा जागा सांगतो आणि 'एफएमआय' हा आकडा दोषाचा प्रकार सांगतो. सर्वमान्य पद्धतीत एसपीएन १६१ म्हणजे गिअरबॉक्सच्या आतील बाजूच्या दांड्याची गती व १९१ म्हणजे बाहेर जाणाऱ्या दांड्याची गती. एफएमआय पुढीलप्रमाणे वाचावा.

२ : संदेश अनियमित. ढिला प्लग, तुटक तार, वाढलेली फट किंवा कीस पाहावा.
३ : व्होल्टेज प्रमाणापेक्षा जास्त. तार सप्लायच्या तारेला लागली काय ते पाहावे.
४ : व्होल्टेज प्रमाणापेक्षा कमी. तार चासीला लागली काय ते पाहावे.
५ : प्रवाह कमी किंवा तार तुटलेली. प्लग व वेटोळे पाहावे.
८ : ठोक्यांची गती अयोग्य. फट, दाते व बाहेरची वीज पाहावी.

काही कंपन्यांचे कोड स्वतःचे असतात, त्यांचा तक्ता पुस्तिकेत असतो. कोड कोठे पाहावे ते सांगतो. काय बदलावे ते सांगत नाही.

बिघाड होऊच नये म्हणून

१) बकेटचे दाते यंत्रावरच वेल्ड करावयाचे असल्यास आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी व पुस्तिकेप्रमाणे कंट्रोलरचे प्लग सोडवावेत. वेल्डिंगची अर्थ वेल्डच्या अगदी जवळ लावावी. ती दूर लावली तर वीज बेअरिंगांतून व वायरिंगमधून वाट काढते.
२) यंत्र धुताना जोरदार पाण्याचा झोत प्लग, सेन्सर व कंट्रोलरवर मारू नये.
३) बगॅस, भुसा व पालापाचोळा गिअरबॉक्सवर साचू देऊ नये. तो ओल धरतो, उंदरांना घर देतो व पेटण्याचीही भीती असते.
४) ऑईल व फिल्टर तासांच्या मीटरप्रमाणे बदलावेत.
५) खोदाईचा हंगाम सुरू होण्यापूर्वी सर्व प्लग एकदा उघडून, वाळवून बसवावेत.

भाड्याने यंत्र आणणाऱ्यांसाठी

यंत्र रानात उतरण्यापूर्वी दिवे व कोड पाहावेत, तासांच्या मीटरचा आकडा दोघांनी लिहून ठेवावा. यंत्र एकाच गिअरमध्ये रांगत असेल तर तेवढ्याच तासांत काम कमी होते, भाडे मात्र पूर्ण पडते. दोष आल्यास ते तास मोजायचे की नाही, हे आधीच बोलून घ्यावे. नंतरचा वाद टळतो व यंत्रमालकाशी संबंधही बिघडत नाहीत.

साहित्य

डिजिटल मल्टीमीटर, चिमट्याच्या तारा, फिलर गेज, विजेच्या जोडांचा फवारा, योग्य मापाचे पाने व वायरिंगचा नकाशा एवढे पुरे. मीटर घेताना एसी व्होल्ट, ओहम व हर्ट्झ या तिन्ही सोयी असलेला घ्यावा. तो जिल्ह्याच्या गावी मिळतो. मुंबईस जाणे झाल्यास लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, हा इलेक्ट्रॉनिक सामानाचा जुना बाजार आहे. खोताच्या वाडीपासून तो पायी जाण्याच्या अंतरावर आहे. मीटर, प्लग व पिना तेथे घेता येतील. सेन्सर मात्र यंत्राच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच, पार्ट क्रमांक जुळवून घ्यावा. दिसायला सारख्या सेन्सरचे तोंड एखाद-दोन मिलिमीटर लांब असले तरी दात्याला लागून फुटते.

उजळणी

खालील प्रश्नांची उत्तरे चालकाबरोबर बसून काढावीत.

१) चाकाला ४८ दाते आहेत व दांडा मिनिटाला ५०० फेरे फिरतो. सेकंदाला ठोके किती? (उत्तर : ४००)
२) यंत्राचा दम कायम आहे, ऑईल स्वच्छ आहे, पण धुतल्यानंतर घसरीचा कोड आला. आधी काय पाहाल? (उत्तर : प्लगातील पाणी)
३) सेन्सरच्या तोंडावर चमकणारे पापुद्रे सापडले. पुसून पुन्हा काम सुरू करावे काय? (उत्तर : नाही. यंत्र थांबवून फिटरला दाखवावे.)
४) हॉल सेन्सरच्या प्लगात सप्लाय येत नाही. नवा सेन्सर घ्यावा काय? (उत्तर : नाही. फ्यूज व तार पाहावी.)

नोंद, बॅटरी, ऑईल, तार, प्लग आणि मग सेन्सर हा क्रम कागदावर लिहून केबिनमध्ये चिकटवावा. पहिल्या पाच गोष्टी तपासण्यास मीटर, फवारा व तासाभराचा वेळ एवढेच लागते. त्यांत दोष सापडला तर काम त्याच दिवशी पुन्हा सुरू होते. सापडला नाही तरी फिटरला फोनवर नेमकी माहिती देता येते व तो योग्य तो भाग बरोबर घेऊनच येतो.